प्राण्यांच्या आयसीयूत रात्री कोण असतं, आणि त्याला शिकवतं कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेट हॉस्पिटलांच्या बातम्या हल्ली पेपरात बऱ्याच येतात, आणि त्यात कौतुक असतं ते मशीनचं. इथे व्हेंटिलेटर आला, तिथे डायलिसिस सुरू झालं, अमुक ठिकाणी २४ तास इमर्जन्सी. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा तर आमच्या सगळ्या ग्रुपवर नुसते फोटोच फिरत होते. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे होतं, पण एक प्रश्न कुठल्याच बातमीत दिसत नाही, की रात्री दोन वाजता त्या मशीनच्या शेजारी बसलेलं असतं कोण, आणि त्या माणसाला नोकरीला लागल्यावर कुणी काही शिकवलं का. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण मधला मांजराचा भाग आणि शेवटचा वेळेचा भाग कापू नका.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली नर्स आहे. आधी माणसांच्या आयसीयूत होते, आता पुण्यातल्या एका पेट हॉस्पिटलमध्ये नाइटला असते. आमच्यासारखे बरेच आहेत, कोण एएनएम, म्हणजे त्याहून छोटा नर्सिंग कोर्स केलेली, कोण फार्मसी अर्धवट सोडलेला, कोण पशुसंवर्धनचा डिप्लोमा केलेला, आणि कोण तर आधी कुत्री फिरवायचं काम करायचा आणि हात चांगला म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलेला. पेशंटचे पालक, म्हणजे ज्यांचं कुत्रं-मांजर असतं ते, आम्हाला कंपाउंडर म्हणतात, सिस्टर म्हणतात, "ओ दादा" म्हणतात. त्याचं काही नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे.

माझं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन अजून चालू आहे आणि ते दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं असतं, त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना पुढे शिकत राहिल्याचे तास दाखवावे लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ५ वर्षांत १५० तास असं धरलंय. मी ते तास भरते. म्हणजे आता बघा गंमत, मी डायबिटिक फूटच्या लेक्चरला जाते, प्रसूतीनंतरच्या काळजीच्या लेक्चरला जाते, सर्टिफिकेट घेते, आणि संध्याकाळी कामावर येऊन लॅब्राडॉरची सलाईन लावते. जे काम मी करत नाही त्याचे तास सक्तीचे, आणि जे रोज रात्री करते त्याचा एक तासही कुणी मागत नाही आणि देतही नाही. माणसांच्या नर्ससाठी १९४७ पासून कायदा आहे, २०२३ ला त्याच्या जागी नवीन नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचाही कायदा झाला. जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९८४ चा इंडियन व्हेटर्नरी कौन्सिल अ‍ॅक्ट आहे. त्या अ‍ॅक्टच्या कलम ३० मध्ये आमच्यासारख्यांबद्दल जेवढं आहे ते एवढंच, की सुपरवायझर, स्टॉकमन, स्टॉक असिस्टंट यांचं सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा असलेल्यांना राज्य सरकार परवानगी देऊ शकतं, आणि त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायच्या, लसीकरण, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग वगैरे. त्या काळात ठीकच होतं ते, १९८४ ला कुठे कुत्र्याला ऑक्सिजन केज होतं. पण आज क्रिटिकल केअरमध्ये रात्रभर जे चालतं ते यातल्या कशात बसतं? इन्फ्युजन पंप लावणं, दर तासाला बीपी घेणं, रक्त चढवणं चालू असताना पहिली १५-२० मिनिटं डोळ्यांत तेल घालून बसणं, फिट आली तर पळणं, यातलं काहीच त्या वाक्यात नाही.

आता कुणी म्हणेल की तू तर ट्रेन्ड नर्स आहेस, आयसीयू केलेली, तुला काय वेगळं शिकायचंय, जनावर म्हणजे छोटं माणूसच. हेच तर चुकतं ना! माणसांचं शिकून आलेला माणूस जनावरांत जास्त घोळ घालू शकतो कारण त्याला वाटतं आपल्याला येतं. एकच उदाहरण घेते, मांजर. माणूस शॉकमध्ये गेला, म्हणजे अंगात रक्त नीट फिरेनासं झालं, की नाडी धावते, कुत्र्याचंही तसंच, पण मांजराची नाडी उलट हळू होते, अंग थंड पडतं, बीपी खाली जातं. मांजराचे ठोके क्लिनिकमध्ये एरवी १६० ते २२० असतात, आणि माणसांच्या आयसीयूतून आलेल्या सिस्टरने मॉनिटरवर १२० बघितले की तिला वाटतं वा, शांत झालं बाळ. ते शांत झालेलं नसतं, ते चाललेलं असतं. तसंच सलाईनचं, कुत्र्याच्या शरीरात किलोमागे साधारण ८० ते ९० मिली रक्त, मांजराचं ६० च्या आतबाहेर, त्यामुळे कुत्र्याच्या हिशोबाने मांजराला धडाधड फ्लुइड सोडलं तर ते फुप्फुसात उतरतं. आधी ऊब द्यायची, फ्लुइड थोडं थोडं द्यायचं, आणि दर थोड्या वेळाने श्वास मोजायचे. ऑर्डर डॉक्टरच देतात, बरोबर आहे, पण श्वास मोजणारं कोण? आणि ३० चे ५० झाले म्हणजे डॉक्टरांना झोपेतून उठवायचं हे ठरवणारं कोण? तो पॅरावेट (डॉक्टर नसलेला, पण जनावरांचं शिकलेला मदतनीस) किंवा सिस्टर किंवा वॉर्डातला मामा, जो कुणी त्या रात्री असेल तो.

दुसरं म्हणजे धाप लागलेलं मांजर. तोंड उघडून श्वास घेत असलेलं मांजर आलं की बऱ्याच ठिकाणी पहिलं काय करतात, टॉवेलमध्ये गुंडाळून घट्ट धरतात आणि एक्सरेला नेतात, कारण एक्सरे बघितल्याशिवाय कळणार कसं. आणि ते टेबलावरच जातं. पालकांना सांगतात घाबरून हार्ट फेल झालं. खरं तर ते घाबरणं आपणच दिलेलं असतं. आधी ऑक्सिजन, अंधारी शांत जागा, हात लावायचा नाही, आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचं. हे शिकवायला अर्धा तास लागतो हो, जास्त नाही. पण तो अर्धा तास कुणी ठेवतच नाही.

मांजरांचं ब्लड तर अजून वेगळं प्रकरण. कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा रक्त देताना बऱ्याचदा निभावून जातं, कारण त्याच्या अंगात दुसऱ्या ग्रुपविरुद्ध आधीपासून जोरदार अँटिबॉडी सहसा नसतात (दुसऱ्या वेळी मात्र तसं नाही). मांजरात त्या कधी रक्त दिलेलं नसलं तरी आपोआप तयार असतात, बी ग्रुपच्या मांजराला ए ग्रुपचं थोडंसं रक्तही जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे गोचीड तापाचे कुत्रे इतके येतात, अर्लिकिया, बबेसिया, प्लेटलेट खाली, हिमोग्लोबिन ४, की ब्लड चढवणं आता रोजचं झालंय आणि त्यामुळे हात सैल पडलाय. तोच सैल हात मांजराला लावला की संपलं.

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन ते परत चालू करायचं, त्याचं सांगते. माणसांसाठी त्याचा बीएलएस नावाचा कोर्स असतो, दर २ वर्षांनी परत करावा लागतो. जनावरांसाठी सुद्धा जगभर चालणाऱ्या गाइडलाइन आहेत, रिकव्हर नावाच्या, २०१२ ला पहिल्यांदा आल्या आणि २०२४ ला नवीन केल्या. दाबायचा वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे माणसांइतकाच, पण बाकी सगळं वेगळं. कुत्र्याला कुशीवर झोपवून छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मं दाबायचं, लॅब्राडॉरसारख्या गोल छातीच्या कुत्र्याला सगळ्यात रुंद भागावर, डॉबरमनसारख्या उभट छातीच्याला थेट हृदयावर, बुलडॉगला पाठीवर झोपवून, आणि मांजराला एका हाताच्या पंजात छाती धरून. श्वासनळीत ट्यूब टाकली असेल तर ६ सेकंदांना एक श्वास, त्यासाठी दाबणं थांबवायचं नाही. २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा कारण माणूस थकतो आणि त्याला स्वतःला कळत नाही की आपण वरवर दाबतोय. अ‍ॅड्रिनॅलिनचा मोठा डोस पूर्वी द्यायचे, तो २०२४ च्या गाइडलाइनमधून गेला. आता मला सांगा, २०१५ ला कुणीतरी एकदा दाखवलं म्हणून शिकलेल्या अटेंडंटला हे कसं कळणार? तो जुन्या अँप्यूलच्या हिशोबानेच भरून डॉक्टरांच्या हातात देणार आणि घाईत डॉक्टर पण देऊन मोकळे होणार. म्हणून एकदा ट्रेनिंग देऊन भागत नाही, परत परत द्यावं लागतं. पोहणं एकदा आलं की आलं, इमर्जन्सीचं काम तसं नाही. हात विसरतात आणि वर नियम पण बदलतात.

सीपीआर करूनही बहुतेक पेशंट वाचत नाहीत, हे पण खरं सांगायला पाहिजे. कुत्र्या-मांजरांत हृदय बंद पडल्यावर परत घरी जाणारे फार थोडे, त्यातल्या त्यात भूल देताना बंद पडलेले जास्त वाचतात. म्हणूनच खरं शिक्षण बंद पडायच्या आधीचं आहे, हिरड्या बघणं, दाबून रंग किती वेळात परत येतो ते बघणं, २ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर आवाज देणं. यात एक रुपयाचं मशीन लागत नाही.

आणि मशीनबद्दल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मशीन माणसांचीच असतात, लहान मुलांचं अँब्यू, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लहान मुलांची कॅन्युला, जुन्या नर्सिंग होममधून घेतलेला मॉनिटर. त्यात वाईट काही नाही, चालतात. पण माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्याची शुगर बऱ्याचदा खरीपेक्षा कमी दाखवतो, हे माहीत नसेल तर चांगल्या कुत्र्याला ग्लुकोज चढेल. बीपीचा पट्टा पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के रुंद हवा, लहान पट्टा लावला तर बीपी जास्त दिसतं आणि सगळे निवांत. रक्तातला ऑक्सिजन बघायचा, सॅच्युरेशनचा क्लिप जिभेला लावायचा असतो, काळ्या जिभेच्या कुत्र्याला कुठे लावायचा? ओठ, कान, बोटांच्या मधली कातडी, जिथे केस आणि काळा रंग नाही तिथे. हे असं सगळं जुने लोक नव्यांना सांगतात, म्हणजे सांगितलं तर सांगतात.

विषबाधेचं तर विचारूच नका. पालक फोनवर विचारतात ताप आहे, क्रोसिन देऊ का. मांजराला पॅरासिटामॉलचा सुरक्षित असा डोसच नाही, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं. त्यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन लागतं जे माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं, पण रात्री फोन उचलणाऱ्याला पहिली गोष्ट ही विचारता आली पाहिजे की मांजर का कुत्रा, किती वजन, किती वाजता दिली, आणि "सकाळी घेऊन या" हे वाक्य कधी बोलायचं नाही. उंदराच्या औषधाचे पण दोन तऱ्हेचे प्रकार येतात. केकवालं, ब्रोमॅडिओलोन, त्यात कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि मग कुठूनही रक्त येतं, म्हणून "ठीक आहे ना आता" म्हणून घरी पाठवायचं नसतं. आणि काळी पावडर, झिंक फॉस्फाइड, ते पोटात गेल्यावर गॅस करतं, कुत्र्याने बंद खोलीत उलटी केली तर तो गॅस आपल्या नाकात. उलटी करवायची ती बाहेर उघड्यावर, किमान खिडक्या उघडून आणि पंखा लावून. आता ही गोष्ट स्टाफच्या जिवाची आहे, कुत्र्याच्या नाही. ही सुद्धा कुणी सांगत नाही!

तसंच रेबीजचं. या कामात असलेल्या प्रत्येकाने कुत्रा चावायच्या आधीच लस घ्यायची असते, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. किती क्लिनिकमधल्या मामांनी आणि मावशींनी घेतलीय विचारून बघा एकदा. पावसाळ्यात लेप्टोचे कुत्रे येतात, हा आजार लघवीतून माणसालाही लागतो, त्यांची लघवी पुसायला मावशी साधा पोछा घेऊन ग्लोव्हजशिवाय जातात. डॉक्टर ओरडतात, मग एक दिवस घालतात. ओरडणं म्हणजे ट्रेनिंग नव्हे.

आता शहराचं झालं, पण तुम्ही म्हणाल हे पुण्या-मुंबईच्या श्रीमंत कुत्र्यांचं रडगाणं आहे. तसं नाहीये. माझं माहेर मराठवाड्यात, आमच्याकडे दुभतं जनावर आडवं पडलं की घरात चूल पेटत नाही. तिथे गावच्या सरकारी दवाखान्यात बऱ्याचदा पर्यवेक्षकच असतात, म्हणजे डॉक्टर नसलेले डिप्लोमावाले, सोबत ड्रेसिंग करणारे व्रणोपचारक आणि मदतीला परिचर, आणि आता १९६२ या नंबरवर फोन केला की फिरता दवाखाना येतो, त्या गाडीत एक डॉक्टर, एक पॅरावेट, एक ड्रायव्हर. योजना चांगली आहे, मी तर म्हणेन फार चांगली. पण गाडी पोचेपर्यंत आणि पोचल्यावर सुद्धा दोन हात डॉक्टरांचे आणि बाकीचे हात यांचे. म्हैस फुगली, डावी कूस टच्च झाली, तेव्हा डॉक्टर ट्रोकार, म्हणजे पोटातला गॅस काढायची टोकदार नळी, लावणार पण जनावर कसं उभं करायचं, पुढचा भाग उंचावर कसा ठेवायचा, गॅस एकदम न सोडता हळूहळू कसा सोडायचा, हे सोबतच्याला माहीत पाहिजे. व्यायल्यावर दूध ताप आलेल्या गाईला कॅल्शियमची बाटली लावली की ती भरभर सोडायची नसते, एकाने हृदयाचे ठोके ऐकत बसायचं असतं, ठोके चुकायला लागले की थांबवायचं. किती ठिकाणी बाटली गोठ्याच्या आड्याला बांधून सगळे चहाला जातात! कोवळी ज्वारी खाऊन सायनाइडची विषबाधा झालेली जनावरं तर मिनिटांच्या हिशोबात जातात, तिथे औषध गाडीत कुठल्या कप्प्यात आहे हे शोधण्यातच वेळ गेला तर काय उपयोग.

सर्पदंशाचं एक उदाहरण मुद्दाम देते कारण ते शहर आणि गाव दोन्हीकडचं आहे. घोणस चावली की रक्त गोठत नाही. ते बघायची टेस्ट एकदम साधी, नवीन कोरडी काचेची नळी, त्यात ताजं २ मिली रक्त, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदा तिरकी करून बघायची. आता ही नळी कुणी काटकसर म्हणून साबणाने धुऊन परत वापरली, किंवा प्लास्टिकची घेतली, किंवा दर पाच मिनिटांनी उत्सुकता म्हणून हलवून बघितली, तर टेस्ट खोटी. ही टेस्ट लावतो कोण? आम्हीच. मग अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, ती पावडर असते, तिच्यात पाणी घालून बाटली खसाखसा हलवली की फेस होतो आणि वेळ जातो, ती हळू गोल फिरवायची असते, आणि चालू केल्यावर पहिला अर्धा तास पेशंटपाशीच थांबायचं, चेहरा सुजला, उलटी झाली, धाप लागली तर बंद करून हाक मारायची. बाटल्या महाग, शेतकऱ्याने इकडून तिकडून पैसे जमवून आणलेल्या, आणि अशा वेळी फेस झालेली बाटली बघून जीव तुटतो.

डॉक्टर लोकांचं एक म्हणणं असतं, आणि ते अगदीच चुकीचं नाही, की यांना जास्त शिकवलं की उद्या हे स्वतःची बोर्डं लावतात. गावोगाव बोगस डॉक्टर आहेतच, स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक मारत फिरतात, जनावरांना मारलेल्या डायक्लोफेनॅकने, ती मेलेली जनावरं खाऊन, गिधाडांचं काय झालं सगळ्यांना माहीत आहे, २००६ ला त्यावर जनावरांसाठी बंदी आणावी लागली. पण मला हे पटत नाही की न शिकवल्याने बोगसपणा कमी होतो. जो बोर्ड लावणार तो न शिकताच लावतो, त्याला सर्टिफिकेटची गरज कधी पडली? उलट जो शिकतो त्याला आपली हद्द पण कळते. माणसांच्या आयसीयूत मी इतकी वर्षं काढली, तिथे कुठली सिस्टर स्वतःचा दवाखाना टाकून बसली नाही, कारण शिकवतानाच डोक्यात घालतात की हे तुझं, हे डॉक्टरांचं, आणि हे तू लिहून ठेवायचं. मी जे मागतेय त्यात निदान करणं नाही, औषध ठरवणं नाही. बघणं, मोजणं, लिहिणं, तयारी ठेवणं आणि वेळेत हाक मारणं, एवढंच.

दुसरं म्हणणं मालकांचं, म्हणजे क्लिनिकच्या मालकांचं. शिकवलं की पोरं पगार मागतात नाहीतर समोरच्या हॉस्पिटलात जातात. हो, जातात. न शिकवता पण जातात. आणि पगाराचं म्हणाल तर रात्रभर व्हेंटिलेटरवरच्या पेशंटपाशी बसणाऱ्याला मॉलमधल्या सिक्युरिटीपेक्षा कमी मिळत असेल तर तो कुठेही जाणारच. डॉक्टर स्वतः कॉन्फरन्सला जातात, बरं वाटतं ऐकून, येताना बॅग आणि पेन आणतात, आम्हाला बॅग देतात. आतलं काय ऐकलं ते सोमवारी अर्धा तास बसून सांगितलं असतं तर बॅग नको होती.

बाहेरच्या देशांत हे कसं चालतं ते थोडं सांगते, फार नाही, कारण तिकडचं सगळं इकडे जसंच्या तसं होणार नाही. इंग्लंडमध्ये व्हेटर्नरी नर्सचं ट्रेनिंग १९६१ पासून आहे, आज तिथल्या रजिस्टर्ड नर्सला वर्षाला १५ तास पुढचं शिक्षण दाखवावं लागतं, डॉक्टरांना ३५. अमेरिकेत तर इमर्जन्सी आणि क्रिटिकल केअर ही टेक्निशियन लोकांची स्वतंत्र स्पेशालिटीच आहे, १९९६ पासून, काही वर्षं तेच काम केल्यावर, केसेस लिहून काढल्यावर आणि परीक्षा दिल्यावर मिळते. वर्षाला १५ तास म्हणजे काय, महिन्याला सव्वा तास. एवढा तर आमचा नेटवर्क नसलेल्या बेसमेंटमध्ये मोबाइल वर धरून जातो.

मग इथे काय करता येईल. आपल्याकडे माफसू आहे, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, २००० साली नागपूरला झालेलं, परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर अशी त्याची कॉलेजं, परळचं तर १८८६ पासूनचं. डिप्लोमावाल्यांचा अभ्यासक्रम पण त्यांच्याच हातात. प्रत्येक कॉलेजला दवाखाना आहे, केसेस आहेत, शिकवणारे आहेत. त्यांनी नवीन कोर्स काढून तीन वर्षं बसवायची गरज नाही. नोकरीत असलेल्यांसाठी छोटं, परत परत होणारं, हाताने करायचं असं काहीतरी पाहिजे. आणि त्यात पहिल्या दिवशी पीपीटी नको! कुत्र्याचा डमी परवडत नसेल तर मोठं सॉफ्ट टॉय घ्या आणि त्यात स्प्रिंग घाला, पण हाताला दाबायला लावा. विषय सीझनप्रमाणे घ्या, मार्च-एप्रिलला उष्माघात, म्हणजे आधी साध्या पाण्याने भिजवून पंखा लावायचा आणि मग गाडीत घालायचं, आणि ताप १०३ च्या आसपास आला की भिजवणं थांबवायचं नाहीतर खाली घसरत जातो, हे पालकांना फोनवर सांगता आलं पाहिजे. जूनमध्ये साप आणि लेप्टो. दिवाळीत भाजलेली, पळून जाऊन गाडीखाली आलेली, आणि फटाक्याच्या आवाजाने बाल्कनीतून उडी मारलेली मांजरं. वर्षभर पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा संसर्गजन्य आजार, तर आहेच, त्याची पिल्लं वेगळी ठेवून त्यांच्या खोलीतले कपडे, बूट, थर्मामीटर सगळं वेगळं ठेवायला शिकवणं म्हणजे निम्मा उपचार.

भाषा मराठी ठेवा. औषधाची नावं इंग्रजीच राहणार, ती आम्हाला येतात, अक्षर बघून ओळखतो. पण "टायट्रेट टू इफेक्ट" असं म्हणून पुढची स्लाइड आली की मागच्या रांगेतले सगळे मान हलवतात आणि घरी जातात. ऑनलाइन इंग्रजीत ढीगभर आहे, रिकव्हरचे कोर्स पण ऑनलाइन मिळतात, पण डॉलरमध्ये, आणि परिचराला काय करायचेत ते.

आणि त्याचा कागद कुठेतरी मोजला गेला पाहिजे. सरकारी माणसाच्या सर्व्हिस बुकात, खासगीवाल्याच्या पगारात. औंधच्या पशुसंवर्धन आयुक्तालयाने मनावर घेतलं तर १९६२ च्या गाड्यांवरच्या पॅरावेटपासून सुरुवात करता येईल, ती माणसं आधीच एका यादीत आहेत, शोधायला लागणार नाहीत. खासगी क्लिनिकवाले मागून येतीलच, कारण पालक विचारायला लागतील. पालकांनाही मी हेच सांगेन, आयसीयूचा दिवसाचा चार्ज विचारता, काचेचं केज कुठल्या कंपनीचं ते विचारता, तर रात्री कोण असतं आणि त्याने शेवटचं ट्रेनिंग कधी घेतलं हेही काउंटरवर विचारा. दोन-चार जणांनी विचारलं की व्यवस्था होते, आपल्याकडे असंच होतं सगळं.

एक विनंती, जे कुणी हे खरंच मनावर घेतील त्यांना. ट्रेनिंग ठेवाल तेव्हा रविवारी सकाळी ९ ला ठेवू नका. रविवारी ओपीडीला सगळ्यात जास्त गर्दी असते, त्या दिवशी डॉक्टर कुणाला सोडत नाहीत, आणि नाइटवाला सकाळी ८ ला सुटून ९ ला लेक्चरमध्ये बसला तर झोपणारच. मंगळवार-बुधवार दुपारी २ ते ५ ठेवा, त्या वेळी दिवसवाले आणि नाइटवाले दोघंही येऊ शकतात, क्लिनिक पण रिकामी असतात. आणि त्या दिवसाचा पगार कापू नका असं पत्रात मालकांच्या नावाने स्पष्ट लिहून पाठवा, तोंडी सांगितलेलं आमच्यापर्यंत पोचत नाही.

कळावे,
आपली,
पेट हॉस्पिटलमधली एक नाइटची सिस्टर, पुणे
(नाव छापू नये ही विनंती, नोकरी आहे.)